शिक्षकांसाठी ॲपचं आणि पुस्तकाचं परीक्षण कसं लिहावं

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत कुणीतरी हमखास विचारतं, "सर, वजाबाकीच्या सरावासाठी एखादं चांगलं ॲप सांगा ना." तीन-चार नावं पुढे येतात, संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंका पडतात, त्यांच्याखाली अंगठे उमटतात आणि विषय संपतो. त्यातलं कुठलं ॲप कोणत्या वर्गात, किती दिवस, कशावर चालवलं हे मात्र कळत नाही. प्ले स्टोअरवरचे तारेही इथे कामाला येत नाहीत. एका मुलाच्या हातात एक फोन असं गृहीत धरून दिलेले ते तारे. पस्तीस मुलं, दोन टॅब आणि ऐन तासाला जाणारी वीज यांचा हिशोब त्यात नसतो.

तो हिशोब एका शिक्षकाने दुसऱ्यासाठी मांडायचा, एवढंच परीक्षणाचं काम. त्यासाठी तंत्रज्ञानातलं तज्ज्ञ असावं लागत नाही. वर्ग हातात असावा लागतो आणि बघितलेलं लिहून ठेवायची सवय लागते. पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

१. वाचणारा कोण, ते ठरवा

"शिक्षकांसाठी उपयुक्त" हे शब्द फार सैल आहेत. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र सांभाळणाऱ्या बाई आणि शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत फक्त आठवीला विज्ञान शिकवणारे सर यांच्या गरजा जुळणारच नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक ओळ कागदावर लिहा: इयत्ता, माध्यम, पट, उपकरणं किती व कसली, नेट कुणाचं. "तिसरी, मराठी माध्यम, पट २८, दोन टॅब, नेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर." हीच ओळ पुढे परीक्षणाच्या माथ्यावर जशीच्या तशी जाते. वाचणारा तिच्यावरून ठरवतो की पुढचं आपल्यासाठी आहे की नाही.

२. एका वेळी एकच

"शिक्षकांसाठी दहा उत्तम ॲप्स" असल्या याद्या लिहू नका. त्या वाचल्या की दहातली आठ तरी लिहिणाऱ्याने उघडलेलीही नाहीत, असा संशय येतो. येत्या महिन्यात तुमच्या वर्गात जो घटक येणार आहे त्यासाठीची एक वस्तू उचला. सुरुवात मोफत साधनांपासून केलेली बरी: बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून उघडणारं सरकारी दीक्षा ॲप, कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग), भूमितीसाठी जिओजेब्रा, गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. पैसे गुंतलेले नसले की मतही मोकळेपणाने लिहिता येतं.

३. आधी स्वतः मूल होऊन वापरा

शाळेतला सगळ्यात जुना फोन किंवा टॅब घ्या. तुमचा नवा फोन नको, त्यावर सगळंच झकास चालतं. ॲप उतरवायला किती डेटा लागला आणि पहिल्यांदा उघडल्यावर आणखी किती ओढला, दोन्ही नोंदवा. ॲप छोटं दिसतं आणि धडे उघडू लागलं की खरी खादाडी कळते. ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो, एका नंबरवर किती मुलांची नावं नोंदवता येतात हे बघा. एका नंबरला एकच मूल चालत असेल, तर वर्गासाठी ते ॲप तिथेच बाद.

मग विमान मोड चालू करून बघा. जिथे रेंज शोधायला शाळेच्या मागच्या टेकाडावर जावं लागतं, तिथल्या शिक्षकाला याच ओळीची सर्वांत जास्त गरज असते. फेटची बरीच सिम्युलेशन्स एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. दीक्षावरचा आशयही उतरवून ठेवता येतो. तुमच्या ॲपचं काय होतं ते करून बघूनच लिहा, जाहिरातीत "ऑफलाइन" असं छापलंय म्हणून लिहू नका.

यानंतरची कसोटी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची: मुद्दाम चुका. गणिताचं ॲप असेल तर ५२ − २७ घ्या आणि उत्तर ३५ द्या. ही चूक वर्गात रोज दिसते. सातातून दोन वजा केले, पाचातून दोन वजा केले. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच मुलाच्या डोक्यात पक्कं असतं. आता ॲप काय करतं ते बघा. नुसता "चूक!" असा आवाज काढून पुढचं गणित देतं? बरोबर उत्तर दाखवून मोकळं होतं? की दशक सुटा करून दाखवतं? पहिली दोन प्रकारची ॲप्स सराव घेतात, शिकवत नाहीत. सरावाचं ॲपही हवंच असतं, पण ते सरावाचं आहे हे परीक्षणात स्पष्ट लिहायला हवं, कारण ज्याला वजाबाकी येतच नाही अशा मुलाच्या हाती ते दिलं तर पोरगं नुसत्या चुकाच गिरवत बसेल.

शेवटी डोळे झाकून कुठेही बोट मारत राहा. तरीही तारे, नाणी, टाळ्या मिळत असतील तर मुलांना ते पहिल्याच दिवशी कळतं, हे लक्षात ठेवा.

४. मराठी तपासा

परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात बनलेल्या ॲपवर "मराठीत उपलब्ध" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बटणं मराठीत, की आवाज मराठीत, की सगळं मराठीत, हे कुणी सांगत नाही. ते आपण सांगायचं.

पहिली-दुसरीसाठी अक्षरांचं वळण बघा. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा "ल" आणि देठाचा "श" ठरवून दिला. ॲपमध्ये हिंदी वळणाचा "ल" असेल तर अक्षर गिरवणारं मूल पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरंच बघतं. तिसरीच्या पुढे याने फारसं बिघडत नाही, पहिलीत बिघडतं. "दर्या" आणि "दऱ्या" वेगळे दिसतात का, "ळ" नीट उमटतो का, हे दोन मिनिटांत कळतं. यंत्राचा आवाज असेल तर "चहा" आणि "चमचा" हे शब्द लागोपाठ ऐका. दोन्हीतला "च" सारखाच आला, तर आवाज मराठी कानाने तपासलेला नाही असं समजा.

अंकवाचन हा स्वतंत्र विषय. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "बासष्ट" सोबत "साठ दोन" अशी वाचनाची पद्धत आली आणि त्यावर विधानसभेपासून चावडीपर्यंत वाद झाला. तुमचं मत काहीही असो, ॲप ६२ कसं वाचतं ते लिहा. एकोणतीस, एकोणऐंशी इथे अडखळणाऱ्या मुलांच्या शिक्षकाला ते हवंच असतं. मोठ्या संख्यांत स्वल्पविराम कुठे पडतो तेही बघा. १,००,००० ऐवजी १००,००० दिसलं की पाचवीच्या मुलाचा लाखाचा घोटाळा झालाच.

आता बोलीचा प्रश्न. मूल वाचतं आणि ॲप ऐकतं अशा प्रकारचं एक वाचनाचं ॲप आम्ही तिसरीत वापरलं. शेजारच्या खोलीत पाढे चालू, वर पत्र्याचं छत. ॲपला शेजारचे पाढेही ऐकू जात होते आणि न वाचलेले शब्द हिरवे होत होते. एक मुलगी कुणी न सांगता भिंतीकडे तोंड करून बसली, टॅबच्या माइकवर तळव्याचा आडोसा केला आणि वाचू लागली; मग तिचं वाचन त्याला नीट कळायला लागलं. तिच्या पलीकडचा मुलगा "पाणी" ला घरच्यासारखं "पानी" म्हणत होता. शब्द लाल. पुन्हा म्हणाला, पुन्हा लाल. त्याला तो शब्द वाचता येत होता, चित्रातल्या हंड्यावर बोटही ठेवत होता. थोड्या वेळाने त्याने "पुढे" चं बटण शोधून काढलं आणि गोष्ट न वाचताच संपवून टाकली. ॲपच्या अहवालात हे मूल "वाचनात मागे" असं दिसलं. असला प्रकार कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, तो तुमच्याच वहीत सापडेल. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, गोंडी बोलणारी मुलं तुमच्या वर्गात असतील तर परीक्षणात या मुद्द्याला एक पूर्ण परिच्छेद द्या.

५. पाठ्यपुस्तकाशी ताडा

हे काम झटपट होतं. आपल्या घटकाची अध्ययन निष्पत्ती (घटक शिकून मुलाला काय यायला हवं ते) समोर ठेवा आणि ॲप किंवा पुस्तक त्यातलं किती भरतं ते बघा. क्यूआर कोड असेल तर तो त्याच पाठावर नेतो का हे स्कॅन करून तपासा. सध्या पुस्तकं बदलत असल्यामुळे कोणत्या वर्षीच्या आवृत्तीशी ताडलं ते लिहायला विसरू नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, तेव्हा पुस्तक हाताशी नाही ही सबब चालत नाही.

६. वर्गात चालवा

नव्याचे नऊ दिवस ही म्हण शैक्षणिक ॲपना तंतोतंत लागू पडते. पहिल्या दिवशीचा मुलांचा आनंद पुरावा म्हणून लिहू नका. टॅब हातात आला की मुलं कॅल्क्युलेटर बघूनही खूश होतात. निदान तीन आठवडे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला वापरा.

सुरू करण्याआधी मुलांचा कागदावरचा अंदाज घ्या. वाचनासाठी "असर" या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीची पद्धत सोपी आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, मूल कुठवर सहज वाचतं ते टिपायचं. तीन आठवड्यांनी त्याच पातळीचा पण वेगळा उतारा द्या. तोच दिला तर पाठांतर मोजलं जाईल.

ॲप चालू असताना पहिली दहा मिनिटं मुलांच्या मागे उभे राहा आणि मदत करू नका. हे अवघड जातं, हात शिवशिवतात. पण नेमक्या तेवढ्यातच कळतं की कुठलं बटण दिसत नाही, कुठली सूचना कळत नाही, टॅब कुणाच्या हातात राहतो आणि कोण नुसतं बघत बसतं. दोन टॅबवर अठ्ठावीस मुलं म्हटल्यावर दांडगी मुलं टॅब धरतात आणि शांत मुली मागे सरकतात. ॲपमध्ये पाळीची सोय आहे का, की ती तुम्हालाच लावावी लागली, हे लिहा.

तासाचा हिशोबही ठेवा. ३५ मिनिटांतली किती मिनिटं टॅब काढणं, लॉगिन, "मॅडम, माझं अडकलंय" यात गेली? ॲप बंद करून वहीत तेच काम दिलं तर जमतं का? मुलं आपापसात काय बोलतात, उत्तराबद्दल की नाण्यांबद्दल?

एक सावधगिरी. तीन आठवड्यांत मुलं तुमच्या शिकवण्यानेही पुढे जातातच. त्यामुळे "या ॲपमुळे वाचन सुधारलं" असं ठोकून देऊ नका. काय केलं, किती वेळ केलं, आधी कुठे होती आणि नंतर कुठे पोचली, एवढं मांडा. निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोडा.

७. पैसे, जाहिराती, मुलांची माहिती

फुकट काय आणि कुठून पैसे सुरू होतात ते रुपयांत लिहा. वर्षाचे की महिन्याचे, मुलामागे की शाळेमागे. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांबाबत पालक-शिक्षकांना सावध करणारी सूचना काढली होती. "मोफत" च्या आश्वासनाची नीट चौकशी करा आणि वर्गणीचे पैसे खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगी देणं टाळा, असा तिचा रोख होता. तो सल्ला आजही लागू आहे. परीक्षण करताना बँकेचं कार्ड जोडावंच लागलं असेल तर ते ठळकपणे सांगा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई, अशी कायद्यात तरतूद आहे. आपण वकील नव्हे. ॲप नाव, जन्मतारीख, फोटो, ठिकाण, माइक यातलं काय काय मागतं आणि न दिल्यास चालतं का, एवढं तपासलं तरी पुरे. मुलांची खरी नावं टाकू नका, "तिसरी-१, तिसरी-२" चालतं. स्क्रीनशॉटमध्ये नाव किंवा चेहरा राहिला नाही ना, तेही बघा.

८. पुस्तक असेल तर

मुलांचं पुस्तक एकट्याने वाचून परीक्षण लिहू नये. वर्गात मोठ्याने वाचा आणि मुलांचं लक्ष कुठे उडालं त्या पानावर पेन्सिलीने खूण करा. कुठे हसली, कुठे "पुढे काय?" म्हणाली, तिथेही. नंतर पुस्तक वाचनकोपऱ्यात ठेवून द्या आणि कोण परत उचलतं ते बघा. अक्षराचा आकार, ओळीची लांबी, किंमत आणि बांधणी यांचा उल्लेख हवाच. पिन मारलेलं पुस्तक तीस हातांतून गेलं की दिवाळीपर्यंत त्याची पानं सुटतात, आणि वाचनालयाची खरेदी ठरवणाऱ्या मुख्याध्यापकांना हे आधी माहीत हवं.

मोफत वाचनासाठी "किशोर" मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने नेटवर ठेवलेत, त्यांच्यातली एखादी गोष्ट परीक्षणाच्या सरावाला घेता येईल. स्टोरीवीव्हरवर गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि खुल्या परवान्यामुळे छापून वर्गात वाटता येतात. अनुवाद वेगवेगळ्या हातांनी झालेले असतात, म्हणून प्रत्येक गोष्टीचं मराठी स्वतंत्र तपासा.

शिक्षकांसाठीच्या पुस्तकाला माझी कसोटी एकच: त्यातली एक कृती येत्या सोमवारी करून बघा. साहित्य गावात मिळालं का, पुस्तकात सांगितलेल्या वेळात झाली का, तीस मुलांत जमली का? विचार सुंदर आणि कृती पंधरा मुलांच्या वर्गासाठी, असं बऱ्याच अनुवादित पुस्तकांत आढळतं. विचारासाठी ती वाचावीतच, फक्त दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात. आणि कृपा करून परीक्षणासोबत पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. शैक्षणिक पुस्तकांची मराठी आवृत्ती आधीच थोड्या प्रतींची निघते.

९. लिहायला बसल्यावर

पहिल्या तीन ओळींत तीन उत्तरं: हे काय आहे, कुणाला चालेल, कुणाला चालणार नाही. तिसरं उत्तर टाळलं की परीक्षणाची जाहिरात होते. वर सांगितलेल्या वाचनाच्या ॲपबद्दल मी असं लिहीन:

"मुलाचं वाचन ऐकून चुका दाखवणारं मोफत ॲप. तिसरी, मराठी माध्यम, पट २८, दोन टॅब. शब्द वाचता येतात पण अडखळतात अशा मुलांना शांत जागी, एकेकट्याने वापरायला चांगलं. बोलीतला उच्चार चूक धरतं, म्हणून घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना देताना शिक्षकाने शेजारी बसावं. त्याच्या अहवालावरून मुलांची पातळी ठरवू नये. खोल्यांमध्ये पक्की भिंत नसेल तर वापरू नका."

एवढ्यातच शेजारच्या केंद्रातल्या बाईंना कळतं की उतरवायचं की नाही. पुढचा मजकूर त्यांच्या शंकांसाठी.

"अत्यंत उपयुक्त", "आनंददायी", "सर्वांगीण विकास" हे शब्द परिपत्रकांना शोभतात. तुमच्या मसुद्यात आले तर खोडा आणि त्या जागी बघितलेली एखादी गोष्ट लिहा. पाचपैकी किती तारे, हेही टाळा. चार तारे दिलेलं ॲप वाचता न येणाऱ्या मुलांच्या वर्गात शून्य ठरू शकतं. उणीव लिहिताना ती कोणत्या फोनवर, कोणत्या परिस्थितीत आली ते जोडून लिहिलं की बनवणाऱ्यालाही दुरुस्ती करता येते.

१०. कुणाचं मीठ खाल्लंय ते सांगा

ॲपची वर्षभराची वर्गणी कंपनीने फुकट दिली, प्रकाशकाने पुस्तकाची प्रत पाठवली, लेखक तुमचे डीएडचे वर्गमित्र आहेत. यात लपवण्यासारखं काही नाही, पण लिहायला हवं, आणि ते सुरुवातीला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार पैसेच काय, फुकट मिळालेली वस्तूसुद्धा उघड करावी लागते. मानधन देऊ केलं तर आधी वर्तणूक नियम बघा. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ते लागू आहेत. आणि कंपनी म्हणाली की "छापण्याआधी आम्हाला दाखवा", तर तथ्यांपुरतं दाखवायला हरकत नाही, मताचा मजकूर मात्र बदलून देऊ नका.

११. तारीख टाका, परत या

ॲपची आवृत्ती आणि वापरल्याचा महिना लिहा. ॲप रातोरात बदलतात. काल मोफत असलेले धडे आज कुलूपबंद होतात, मराठी आवाज सुधारतोही. वर्षातून एकदा, जूनमध्ये शाळा उघडताना, जुनं परीक्षण उघडून बघा आणि बदल वरच्या ओळीत लिहा. ॲप बंदच पडलं असेल तर परीक्षण काढून टाकू नका. "बंद" असं वर लिहा आणि मुलांच्या प्रगतीच्या नोंदी त्यातून बाहेर काढता आल्या का, ते दोन ओळींत सांगा. पुढचं ॲप घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीला मग तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारता येतो.